मांजरीचा आवाज बसला तेव्हा

सयामी मांजर कधी गप्प बसत नाही, हे तिला माझ्या गळ्यात घालणाऱ्या बाईंनी मला सांगितलं नव्हतं. त्या माझ्या ऑफिसातल्या. मुलीकडं परदेशात कायमच्या निघाल्या होत्या आणि जाताना घरातलं एकेक सामान ओळखीच्यांना वाटत होत्या. कुणाला फ्रिज मिळाला, कुणाला शिलाई मशीन, मला मांजर. "केस आखूड आहेत, घाण अजिबात करत नाही आणि स्वभावानं अगदी शांत," असं त्या म्हणाल्या होत्या. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या.

दिसायला होती मात्र देखणी. सायीच्या रंगाचं सडपातळ अंग, निळेशार आणि किंचित तिरळे डोळे, चेहऱ्याच्या मानानं मोठे कान, लांब शेपूट. ती जातिवंत असल्याचा कागदही बाईंनी दिला होता, त्यावर तिच्या आईबापांची, आजीआजोबांची नावं. मला माझ्या पणजीचं नाव सांगता येत नाही आणि हिचं सगळं खानदान छापलेलं. पण तोंड उघडलं की रुबाब संपला. साध्या मांजरीसारखं नाजूक म्यांव तिला येतच नव्हतं. तान्हं लेकरू हट्टाला पेटून रडतं तसा जाड, घोगरा, पोटातून निघालेला आवाज. आणि ती उगीच ओरडत नसे, बोलत असे. आपण काही म्हटलं की उत्तर द्यायची, त्यावर आपण काही म्हटलं की पुन्हा बोलायची. शेवटचा शब्द तिचाच असायचा.

मी तेव्हा धाराशिवला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. सयामीला एकटेपणा सोसत नाही हेही मला नंतर कळलं. मी ऑफिसला गेले की ती दिवसभर हंबरडा फोडायची. एका संध्याकाळी घरमालकीणबाईंनी मला जिन्यातच अडवलं आणि विचारलं, लेकराला घरात कोंडून कामावर जाता का म्हणून. माझं लग्न झालेलं नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळं हा प्रश्न मला जरा जास्तच लागला. मी तणतणत त्यांना वर नेलं आणि मांजर दाखवलं. त्यांचं समाधान होईल असं मला वाटलं होतं, पण त्या आणखीच वैतागल्या. लेकरू असतं तर मोठं होऊन गप्प तरी बसलं असतं, म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत एक तर मांजर जाईल नाही तर मी, असं ठरलं.

म्हणून एका रविवारी वेताच्या टोपलीवर ओढणी बांधून मी एसटीनं भूमकडं निघाले, आईवडिलांकडं. येडशीपर्यंत ती झोपली होती. पुढं तिला जाग आली आणि तिनं गाडी डोक्यावर घेतली. पुढच्या बाकावरच्या एक आजीबाई मागं वळून म्हणाल्या, लेकरू भुकेलंय, पदराखाली घ्या की, गाडीत कसली लाज. मी काही बोलायच्या आत ओढणीतून एक काळपट नाक आणि उघडं गुलाबी तोंड बाहेर आलं. आजीबाई आधी दचकल्या, मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भूम येईपर्यंत अख्खी गाडी तिच्याशी बोलत होती आणि ती सगळ्यांना पुरून उरत होती.

आमचं गाव भूमपासून जवळच. आमच्या भागात दूध भरपूर, त्यामुळं खव्याच्या भट्ट्याही भरपूर. आमच्या घरामागंही पत्र्याच्या शेडखाली भट्टी होती. मोठाल्या कढया, खाली लाकडाचा जाळ, आणि हातानं हलवणं होईना तेव्हा बसवलेलं मोटरवर फिरणारं उलथनं. सकाळी दूध यायचं, दुपारपर्यंत आटून त्याचा खवा व्हायचा. आता वडील नाहीत, भट्टी बंद आहे, आई माझ्याजवळ धाराशिवला असते आणि त्या शेडमध्ये शेजारी कडबा रचतात. पण आटत्या दुधाचा तो गोड, किंचित करपट वास कुठल्या हॉटेलाबाहेर आला, की मी अजून थांबते. पिशवीत काही शोधतेय असं दाखवते आणि पोटभर वास घेते.

खव्याच्या घरात मांजर म्हणजे दुष्मन. आईनं आयुष्यभर हातात येईल ते घेऊन मांजरं हाकलली होती. गावातली मांजरं आमच्या शेडच्या पत्र्यावरून जातानासुद्धा पाय जपून टाकायची. अशा बाईकडं मी मांजर सांभाळायला घेऊन चालले होते, आणि वाटेत तिला काय काय सांगायचं याची मनात उजळणी करत होते. पण सांगणार कसं हाही प्रश्नच होता, कारण तोवर आईचे कान बरेच गेले होते.

मोटरच्या आवाजानं गेले असं ती म्हणायची. वयानं गेले असं डॉक्टर म्हणाले होते. मी मागं लागून तिला एकदा कानाच्या मशीनसाठी नेलं, तर ते शिट्टी मारतंय म्हणून तिनं तिथंच काढून ठेवलं. आपण बहिरे नाही, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता, हे तिचं ठरलेलं उत्तर. मग आम्ही ओरडून बोलू लागलो. वडील मूळचे मऊ बोलणारे. पण ओरडून म्हटलेलं वाक्य कितीही साधं असलं तरी रागावल्यासारखं वाटतं. "चहा ठेव" म्हणजेसुद्धा भांडण. आणि ओरडून गप्पा मारता येत नाहीत. शेजारच्यांच्या गाईला कालवड झाली, आज वारं सुटलंय, पलीकडच्या पोरीला बघायला पाहुणे आले होते, असलं काही कुणी घसा ताणून सांगत नाही. त्यामुळं आमच्या घरात फक्त कामाचं बोलणं उरलं होतं. दूध आलं, जाळ कमी कर, जेवायला वाढ. माझ्या लहानपणी हेच दोघं भट्टी विझल्यावर ओट्यावर बसून इतकं बोलत असत, की मी त्यांच्या आवाजातच झोपी जायची. ते गेलं होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मी पोचले तेव्हा आई भट्टीशी पाठमोरी बसून कढईच्या कडेची खरवड काढत होती. टोपलीत काय आहे ते बघून वडील म्हणाले, "तुझी आई काय हिला ठिवून घ्यायची न्हाय बघ." तेवढ्यात मांजरीनं मान वर काढली आणि एक सणसणीत आरोळी ठोकली.

आई वळली. "कुणाचं लेकरू रडतंय?" तिनं विचारलं.

मी आणि वडील एकमेकांकडं बघत राहिलो. मागं कपबशी फुटली तरी मान न वळवणारी आई वळली होती. ती उठून टोपलीपाशी आली. मांजरीनं तिच्याकडं बघून प्रवासातल्या सगळ्या हालांची तक्रार केली, चांगली लांबलचक. आई म्हणाली, एवढी कशाला बोंबलतीस, भूक लागली व्हय. मांजर बोलली. आईनं पुन्हा काही विचारलं, मांजर पुन्हा बोलली. मी पाठ करून आणलेलं एकही वाक्य मला वापरावं लागलं नाही.

पुढं कानाच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की वय झालेल्या कानाला आधी बारीक आवाज सोडून जातात आणि जाड, दणकट आवाज मागं राहतात. असेल. मला त्या दिवसांत दिसत होतं ते एवढंच, की आमच्या घरात ही एकटीच अशी होती जिचं ओरडणं म्हणजेच बोलणं होतं. ती ओरडली तरी रागावली असं वाटत नव्हतं.

सयामी सगळ्यांशी बोलते, पण माणूस एकच निवडते. तिनं आईला निवडलं. आई भट्टीवर की ही भट्टीच्या उबदार भिंतीला टेकून, आई गोठ्यात की ही गव्हाणीत, आई पूजेला बसली की ही निरांजनापासून वीतभर अंतरावर डोळे मिटून. आईही मग तिला सगळं सांगू लागली. कुणाच्या लग्नात कुणाचा मान राहिला, माझा तापट स्वभाव कुणावर गेला, आपली सासू कशी होती. नवराबायकोनं एकमेकांना नावानं हाक मारायची नाही ही जुनी पद्धत, त्यामुळं वडिलांची आईला हाक म्हणजे "अगं". तीच हाक आई मांजरीला मारू लागली. त्यामुळं वडिलांनी "अगं" म्हणून आरोळी दिली की आईला काही कळायचं नाही, मांजर मात्र तुरुतुरु यायची आणि "काय हो?" अशा थाटात समोर बसायची. वडील तिलाच सांगायचे, जा, तिला म्हणावं दूध आलंय.

तिला सांभाळण्यात आम्ही चुकाही भरपूर केल्या. आईनं पहिल्याच दिवशी वाडगाभर दूध आणि वर खरवड ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मांजरीचं पोट बिघडलं. मोठ्या मांजरांना दूध सोसत नाही हे मी तिला ओरडून सांगितलं, तर तिला ते पटेचना. दूध चालत नाही मग खव्याच्या घरी आलीस कशाला, असं तिनं मांजरीलाच विचारलं. भाकरीवर मांजर जगत नाही, तिला मांसच लागतं, हे तर आणखी कठीण होतं, कारण आईच्या गळ्यात माळ. वडिलांनी गोठ्यामागं तीन दगडांची वेगळी चूल मांडली आणि तिच्यावर ते अंडी आणि कोंबडीचे तुकडे बिनमिठाचे उकडायचे. आई तिकडं फिरकायची नाही, पण लांबून विचारायची, नीट शिजलं का, काटाहाड काढलं का. वासरासारखं दावंही बांधून बघितलं तिला, कुत्र्यांच्या भीतीनं. ती जमिनीवर आडवी पडली आणि तिनं असा गळा काढला की वडिलांनीच दावं सोडलं. केसांची मात्र काही कटकट नव्हती. आई ओल्या हातानं तिच्या पाठीवरून दोनचारदा हात फिरवायची, सुटे केस हाताला यायचे, झालं.

पहिल्या थंडीत एक गंमत झाली. आमच्या माळावर थंडी चांगलीच पडते, आणि मांजरीचं तोंड, कान, पंजे दिवसेंदिवस काळे पडत चालले. आईला वाटलं, ही भट्टीत तोंड घालतेय. खव्याच्या घरात काळं तोंड म्हणजे काजळी, दुसरं काय असणार! तिनं बेसन आणि साय लावून मांजरीचं तोंड रोज खसाखसा धुवायला सुरुवात केली. मी गेले तेव्हा मांजर कोपऱ्यात ओली बसलेली आणि आई हरल्यासारखी. या जातीचं अंग जिथं थंड पडतं तिथले केस काळे होतात, उबेत राहिलेलं अंग उजळ राहतं, हे मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि जुन्या स्वेटरची बाही कापून मांजरीच्या डोक्यात घातली, तोंड गोरं व्हावं म्हणून. त्याच थंडीत मांजरीची नसबंदी करून आणली. कुशीवरचे काढलेले केस परत आले ते काळे ठिगळ होऊन. थंडीमुळंच, पण आई गावभर सांगत होती, डागदरनं दुसऱ्याच मांजरीचं कातडं लावलंय.

नंतर मी धाराशिवला स्वतःचं घर केलं. कुणी जिन्यात अडवणारं नव्हतं, म्हणून मांजर परत न्यायला गेले. खरं सांगते, मला ती हवी होती. संध्याकाळी कुलूप उघडल्यावर कुणीतरी आपल्यावर ओरडावं याची मला सवय झाली होती. मी आईला म्हटलं, मांजर नेते. तिला ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं. तिनं मला विचारलं, जेवून जाणार का? मी अंगणातून म्हशी बुजतील एवढ्या आवाजात म्हटलं. ती उठून धान्य निवडायला बसली. वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पहिल्याच येळंला ऐकू आलंय तिला." मी रिकामी टोपली घेऊन परतले आणि एसटीत मला सारखं हसू येत होतं.

काही वर्षं अशी बरी गेली. मग एकदा वडिलांचा फोन आला, जमलं तर येऊन जा. मांजरीचा आवाज बसलाय म्हणून आईनं खाणं टाकलंय. मी विचारलं, मांजर जेवतेय का? ते म्हणाले, मांजर जेवते. ये म्हणाले आणि फोन ठेवला.

मी फाट्यावर उतरून गल्लीत शिरले तोच मला आरोळी ऐकू आली. तीच, जाड, घोगरी, हट्टाची. आवाज चांगला खणखणीत होता. मला वाटलं, बरी झाली असेल. घरात गेले तर आई आतल्या खोलीच्या बंद दाराला टेकून बसली होती. मला बघून तिचे डोळे भरले. भट्टीच्या धुरानं मांजरीचा गळा धरला असं तिनं ठरवलं होतं. म्हणून तिला धुरापासून लांब, आतल्या खोलीत ठेवलं होतं. तुपात मिऱ्याची पूड चाटवली होती, लहानपणी मला चाटवायची तशी. माझा हात धरून ती म्हणाली, "बघ की गं, बोलणंच सोडलंय तिनं माझ्याशी. काय चुकलं आसंल माझं?"

तिच्या पाठीला लागलेल्या दारामागं मांजर जीव तोडून ओरडत होती.

मी वडिलांकडं बघितलं. ते उंबऱ्यापाशी मान खाली घालून उभे होते. त्यांना हे केव्हाच कळलं होतं. मी रागानंच विचारलं, "आण्णा, तुम्ही तिला सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "ही काय वरडून सांगायची गोष्ट हाय व्हय?"

मी आईला उठवलं आणि दार उघडलं. मांजर तीरासारखी बाहेर आली, आईच्या मांडीवर चढली आणि तिच्या तोंडाकडं बघत ओरडायला लागली. आईनं सवयीनं तिच्या गळ्याखाली हात घातला. हात तिथंच थांबला. गळा थरथरत होता, बरगड्या हलत होत्या. आईनं ते उघडं गुलाबी तोंड बघितलं, मग माझ्याकडं, मग वडिलांकडं. काय ते आम्हा दोघांच्या चेहऱ्यावर दिसलं असणारच.

"वरडतीय व्हय ही?" तिनं विचारलं.

वडिलांनी मान डोलावली.

आई मांजरीच्या गळ्यावर हात तसाच ठेवून बसली. रडली नाही. मीच रडले, स्वयंपाकघरात जाऊन. परत आले तेव्हा ती मांजरीकडं बघतच मला म्हणाली, ते शिट्टी मारायचं मशीन कुठं मिळतंय म्हणालीस. पोटच्या पोरीनं इतकी वर्षं विनवण्या केल्या, नवऱ्यानं घसा फोडला, तेव्हा जे झालं नाही ते मांजरीसाठी झालं. मला याचा राग आला नाही असं नाही, थोडा आलाच. पण दुसऱ्याच दिवशी मी तिला धाराशिवला घेऊन गेले.

मशीन बसवायला दोनतीन खेपा झाल्या. सुरुवातीला तिला कुकरची शिट्टी सोसेना, पोळपाटाचा आवाज सोसेना, मी चालते किती पाय आपटून यावरही एक प्रवचन झालं. तिला घेऊन मी गावी परतले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. भट्टी विझलेली, कढया पालथ्या घातलेल्या. मांजर ओट्यावर वाट बघत होती. तिनं आईला बघितलं आणि एवढे दिवस कुठं होतीस म्हणून जी सरबत्ती सुरू केली, ती आई खाली बसून मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, आवाज जरा चिरका झालाय, पण हाय.

वडील शेडमधून आले. सवयीनं त्यांनी लांबूनच आरोळी दिली, "चहा ठिवू का?"

"येवढं वरडताय कशाला?" आई म्हणाली. "हाय की म्या हितंच."

वडील जागीच थांबले. मग हळूहळू आले आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसले, मध्ये मांजर. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते स्पष्ट दिसत होतं, की या माणसाला ओरडायचं नसेल तर काय बोलायचं हेच आठवत नव्हतं. त्यांनी समोरच्या लिंबाकडं बघितलं.

"आज वारं सुटलंय," ते हळू म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "दुपारपासून हाय."

मांजर मध्येच काहीतरी बोलली. दोघांनी तिला उत्तर दिलं. चहा मीच ठेवला आणि आत चुलीपाशी बसून राहिले. पातेल्यातलं पाणी आटलं तरी मी उठले नाही. बाहेर कुणाच्या गाईचं निघालं, कुणाच्या लग्नाचं निघालं, माझ्या तापटपणाचं निघालं. अंधार पडेपर्यंत ते बोलत होते, आणि त्यात कामाचं काहीच नव्हतं.